दीर्घायुष्य कशासाठी?

वऱ्हाडातील मुस्लिम घरांत एखादे मूल वडीलधाऱ्यांना सलाम करते, तेव्हा त्याला मिळणारी दुआ बहुधा ठरलेली असते : अल्लाह उम्र में बरकत दे. शेजारच्या घरात याच प्रसंगी ‘शतायुषी हो’ असे म्हटले जाते. दोन्हींमागची माया एकच आहे. तरीही ‘बरकत’ हा शब्द क्षणभर थांबून समजून घेण्यासारखा आहे. बरकत म्हणजे थोड्या वस्तूतून पुष्कळ भले निष्पन्न होणे. ज्या धान्यात बरकत आहे ते मापाने कमी असले तरी घराला पुरते. ज्या धनात बरकत नाही ते कोठारे भरूनही अपुरे पडते. आयुष्याचेही तसेच आहे. आपल्या वाडवडिलांनी मुलांसाठी वर्षांची संख्या मागितली नाही, त्या वर्षांतील भलेपणा मागितला. या साध्या दुआमध्ये एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे : दीर्घायुष्य ही स्वतःच एक चांगली गोष्ट आहे काय?

पूर्वी हा प्रश्न थोड्यांपुरता होता. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी अपेक्षित आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. देवीचा रोग गेला, पटकी आटोक्यात आली, बाळंतपणातील मृत्यू घटले. ही अल्लाहची कृपा आहे आणि त्याने माणसाला दिलेल्या ज्ञानाचे ते फळ आहे. परंतु त्यामुळे वार्धक्याची वर्षे आता पुष्कळांच्या वाट्याला येऊ लागली आहेत. अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी आज क्वचितच एखादे घर असे असेल, जेथे सत्तरी पार केलेले एखादे माणूस खाटेवर, ओसरीवर किंवा मशिदीच्या पहिल्या रांगेत दिसत नाही. त्या वर्षांचे करायचे काय, हा प्रश्न आता प्रत्येक घराचा झाला आहे.

कुरआनची दृष्टी

दिव्य कुरआन दीर्घायुष्याची निंदा करीत नाही आणि त्याचे स्तोमही माजवीत नाही. सूरह बकरामध्ये (आयत ९६) अशा लोकांचा उल्लेख आहे, ज्यांना हजार वर्षे जगण्याची हाव सुटली आहे. त्यांना बजावले आहे की इतके आयुष्य लाभले तरी ते त्यांना शिक्षेपासून दूर नेऊ शकणार नाही. दुसरीकडे सूरह अन्कबूतमध्ये (आयत १४) ह. नूह (अ.) हे आपल्या लोकांत पन्नास कमी एक हजार वर्षे राहिल्याचे सांगितले आहे. वर्षे जवळपास तितकीच. पण एकीकडे ती केवळ हाव आहे आणि दुसरीकडे अखंड प्रबोधनाचे कार्य. फरक वर्षांचा नसून त्या वर्षांच्या प्रयोजनाचा आहे.

हीच गोष्ट प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रश्नाच्या उत्तरात स्पष्ट केली. सर्वोत्तम माणूस कोण, असे विचारले गेले असता, ज्याचे आयुष्य दीर्घ आणि आचरण उत्तम तो, असे त्यांनी सांगितले. सर्वांत वाईट कोण, असे विचारले असता, ज्याचे आयुष्य दीर्घ आणि आचरण वाईट तो, असे उत्तर दिले (तिरमिजी). दोन्ही उत्तरांत दीर्घायुष्य समान आहे. म्हणजे ते एक पात्र आहे. त्यात काय भरले यावर त्याचे मोल ठरते.

वार्धक्याचे वर्णन करतानाही कुरआन कोणतेही गुळगुळीत शब्द वापरीत नाही. अल्लाहने माणसाला दुर्बलतेतून घडविले, दुर्बलतेनंतर सामर्थ्य दिले आणि सामर्थ्यानंतर पुन्हा दुर्बलता व पांढरे केस दिले, असे सूरह रूममध्ये (आयत ५४) म्हटले आहे. सूरह नहलमध्ये (आयत ७०) आयुष्याच्या त्या निकृष्ट अवस्थेचाही उल्लेख आहे, जेथे पोहोचल्यावर माणूस जाणलेले सर्व काही विसरून जातो. अशा अवस्थेपासून प्रेषित (स.) स्वतः अल्लाहचा आश्रय मागत असत. तेव्हा म्हातारपण म्हणजे निव्वळ आनंदाचा काळ आहे, अशी भुलावण कुरआन घालीत नाही. ते कठीण आहे, हे मान्य करूनच त्याविषयीची शिकवण सुरू होते.

आरोग्य राखणे आणि नियती

येथे पहिली अडचण उभी राहते. आयुष्याची घटिका ठरलेली आहे, ती क्षणभरही पुढे-मागे होत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मग पथ्य, औषध, व्यायाम यांचा खटाटोप कशाला? अनेक वृद्धांच्या तोंडी हा प्रश्न असतो आणि तो बहुधा खऱ्याची पुडी हातात असतानाच विचारला जातो.

याचे उत्तर ह. उमर (रजि.) यांच्या आचरणात सापडते. सीरियाकडे जात असताना तेथे प्लेगची साथ पसरल्याचे त्यांना कळले आणि सल्लामसलत करून त्यांनी लोकांसह परत फिरण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या नियतीपासून पळ काढता काय, असे एका थोर सहाबींनी विचारले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. एका काठाला हिरवे कुरण आणि दुसऱ्या काठाला ओसाड माळ असेल, तर उंट कोठेही चारा, ती अल्लाहचीच नियती असेल, असा दाखलाही त्यांनी दिला (बुखारी). मात्र शहाणा गुराखी हिरव्या काठाकडेच जातो. नियतीवरील श्रद्धा माणसाचे हात बांधीत नाही. ती त्याला परिणामाच्या चिंतेतून मोकळे करते आणि प्रयत्नाची जबाबदारी त्याच्याकडेच ठेवते.

उपचार करावेत काय, असे काही ग्रामीण अरबांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि अल्लाहने एक सोडून प्रत्येक रोगावर औषध ठेवले आहे, असे म्हटले. तो एक रोग कोणता? वार्धक्य (अबू दाऊद, तिरमिजी). आपल्या विषयाचे सारे मर्म या एका हदीसमध्ये आले आहे. मधुमेहावर उपचार आहे, रक्तदाबावर आहे, मोतीबिंदूवर आहे. म्हणून ते करणे आपले काम आहे. म्हातारपणावर उपचार नाही. म्हणून ते टाळण्याच्या जाहिरातींमागे धावणे व्यर्थ आहे. ‘आता वयच झाले’ असे म्हणून उपचार होण्याजोगा रोग अंगावर काढणे ही एक चूक आणि वय नाकारण्यासाठी पैसा व मनःशांती घालविणे ही दुसरी. श्रद्धावंताने या दोन्हींच्या मधून चालायचे असते.

शरीराचा माणसावर हक्क आहे, हे प्रेषितांनी (स.) रात्रंदिवस उपासनेत गढून गेलेल्या एका तरुण सहाबींना सांगितले होते. ज्याचा हक्क आहे त्याला तो न देणे हा अन्याय होय. शरीर आपल्या मालकीचे नाही. ती अमानत आहे आणि अमानत शाबूत परत करण्याचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे.

आपल्या मातीतील आरोग्य

ही अमानत कशी सांभाळावी, याचा विचार आपापल्या गावाच्या हवापाण्याकडे पाहूनच करावा लागतो. अंजनगावपासून दक्षिणेकडे, दर्यापूरच्या दिशेने पूर्णा नदीचा खारपाणपट्टा पसरला आहे. तो अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत आहे. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी त्या भागात वर्षानुवर्षे ऐकू येतात. अशा पट्ट्यातील वृद्ध माणसाने पिण्यासाठी शक्य तेथे योजनेचे गोडे पाणीच वापरावे आणि वर्षातून एकदा तरी रक्तातील साखर, रक्तदाब व मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेत राहणे मूत्रपिंडासाठी घातक ठरू शकते. ही सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे.

मिठाचेही तसेच. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. भाकरीबरोबरचा ठेचा, लोणचे, पापड आणि वरून चिमूटभर मीठ अशी आपली सवय पाहिली, तर ही मर्यादा एकाच जेवणात ओलांडली जाते. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण दावतीच्या ताटासमोर बसताना आठवणे कठीण जाते, पण तेथेच तिची खरी गरज असते.

अंजनगावचे पानमळे प्रसिद्ध आहेत. त्याच परिसरात पानपिंपरीचे पीकही घेतले जाते. आयुर्वेदात हीच पिंपळी त्रिकटूचा एक घटक आहे आणि युनानी हकीम तिला फिलफिल दराज म्हणतात. औषध पिकविणाऱ्या या मातीत सुपारी आणि तंबाखूचा खर्राही तितक्याच सहजतेने चघळला जातो. तंबाखू आणि सुपारी यांच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो, ही शंका राहिलेली नसून सिद्ध झालेली गोष्ट आहे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, हा सूरह बकरामधील (आयत १९५) आदेश ईश्वरमार्गात खर्च करण्याच्या संदर्भात आला आहे. तथापि त्याची व्याप्ती येथेही पोहोचते, असे विद्वान मानतात. तोंडात पुडी ठेवून आयुष्य अल्लाहच्या हाती आहे असे म्हणणे, ही तवक्कुलची थट्टा होय.

नमाज ही व्यायामासाठी नाही, ती अल्लाहच्या स्मरणासाठी आहे. हा क्रम उलटा करू नये. पण पाच वेळा उठणे, वजू करणे, मशिदीपर्यंत पायी जाणे आणि शेजाऱ्यांना भेटणे यांतून म्हाताऱ्या देहाला आणि मनालाही लाभ होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही केवळ त्यावर भागत नाही. ६५ वर्षांवरील माणसांनी झेपेल त्याप्रमाणे आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. कारण वृद्ध माणसाला अंथरुणाला खिळविण्यात रोगाइतकाच पडण्याचाही वाटा असतो. ओल्या वजूखान्यात पाय घसरून मांडीचे हाड मोडले की चालते-फिरते माणूस परावलंबी होते. आपल्या मशिदींच्या विश्वस्तांनी मिनाराच्या रंगरंगोटीआधी वजूखान्यात खरबरीत फरशी, हाताला धरायला लोखंडी नळी आणि पायऱ्यांशेजारी उतार केला, तर तेही मशिदीच्या सेवेतच मोजले जाईल.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. धर्माने दिलेली सवलत नाकारणे म्हणजे धर्मनिष्ठा नव्हे. उभे राहून नमाज अदा करा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, अशी शिकवण स्वतः प्रेषितांनी (स.) एका आजारी सहाबींना दिली. वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात येणाऱ्या रमजानमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाने डॉक्टरांचा सल्ला धुडकावून उपवास धरणे आणि चक्कर येऊन पडणे हे ईमानाचे लक्षण मानू नये. जे उपवास करूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी गरजूला जेवू घालण्याची, म्हणजे फिदियाची तरतूद आहे. ती देणारा उपासनेतून वगळला जात नाही; त्याची उपासना वेगळ्या रूपात स्वीकारली जाते.

उपयोगी आयुष्य आणि असहाय आयुष्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दीर्घायुष्याचे मोल सत्कार्याने ठरते, हे मान्य केले. ह. अनस बिन मालिक (रजि.) यांना प्रेषितांची (स.) दुआ लाभली होती. ते सुमारे शंभर वर्षे जगले आणि बसरा शहरात अखेरपर्यंत लोकांना हदीस शिकवीत राहिले. आपल्या परिसरातही असे उदाहरण आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज १९५६ च्या डिसेंबरात ऐंशीव्या वर्षी निवर्तले. हातात झाडू घेऊन गावे स्वच्छ करणे आणि गरिबांसाठी धर्मशाळा उभारणे हे त्यांचे काम म्हातारपणीही थांबले नाही. स्वच्छता हा ईमानाचा अर्धा भाग आहे अशी शिकवण असलेल्या आपल्या समाजाला, शेजारच्या गावातील या वृद्धाच्या झाडूकडून शिकण्यासारखे निश्चितच काही आहे.

परंतु येथेच एक धोका आहे. आयुष्याचे मोल कामाने ठरते असे आपण म्हणत गेलो, तर ज्याच्याकडून आता कोणतेही काम होत नाही त्याचे काय? अर्धांगवायूने खिळलेली आजी, मुलांची नावेही न ओळखणारे आजोबा, ज्यांना घास भरवावा लागतो आणि ज्यांचे अंथरूण दिवसातून तीनदा बदलावे लागते, त्यांचे आयुष्य निरर्थक ठरते काय? जगातील काही समाजांत हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. आपल्याकडे तो उघडपणे विचारला जात नाही. पण ‘आता सुटले तर बरे’ या वाक्यात तो दडलेला असतो. वाईट हे की बहुतेकदा ते वाक्य त्या म्हाताऱ्या माणसाच्याच तोंडून निघते, कारण घरातल्यांच्या चेहऱ्यावर त्याने ते आधीच वाचलेले असते.

इस्लामची शिकवण येथे माणसाला सोडून देत नाही. दास आजारी पडतो किंवा प्रवासाला जातो, तेव्हा निरोगी व घरी असताना तो जी सत्कृत्ये करीत असे त्यांचे पुण्य त्याच्या खात्यात लिहिले जात राहते, अशी हदीस आहे (बुखारी). सूरह तीनमध्ये माणसाला नीचतम अवस्थेला पोहोचविल्याचा आणि श्रद्धावंतांसाठी कधीही न खंडित होणाऱ्या मोबदल्याचा उल्लेख आहे. काही भाष्यकारांनी त्या अवस्थेचा अर्थ जर्जर वार्धक्य असा घेतला आहे. म्हणजे ज्याने चालत्या पायांनी मशीद गाठली, त्याचे पाय थांबल्यावरही त्याची वाटचाल लिहिली जात आहे. आणि ज्याची बुद्धीच हरपली, त्याच्यावरून तर लेखणी उचलली जाते. त्याच्या भ्रमातील शब्दांचा हिशोब होत नाही. तेव्हा अशा आयुष्याला अर्थ आहे. तो अर्थ पूर्वी कमावलेला आहे आणि अल्लाहने तो जपून ठेवला आहे.

यातून आरोग्य राखण्याचे खरे कारणही उलगडते. चालत्या काळात लावलेली चांगली सवयच पुढे असहाय काळात आपल्या नावावर लिहिली जाणार आहे. संकटांमुळे मृत्यूची इच्छा करू नये, या प्रेषितांच्या (स.) ताकिदीमागेही हेच दिसते : जिवंत माणूस सदाचारी असेल तर त्याचे पुण्य वाढते आणि चुकलेला असेल तर त्याला परतण्याची संधी मिळते. शेवटचा श्वास सुरू असेपर्यंत दार बंद झालेले नसते.

सेवा कोणाची?

असहाय वृद्धाच्या आयुष्याचा दुसरा अर्थ त्याच्या मुलांशी जोडलेला आहे. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही आपल्याजवळ वार्धक्याला पोहोचले तर त्यांच्यापुढे ‘उफ’सुद्धा न काढण्याचा, त्यांच्याशी आदराने बोलण्याचा आणि दयेने त्यांच्यापुढे नमण्याचा आदेश सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २३-२४) आला आहे. ‘तुझ्याजवळ’ हा तेथील शब्द महत्त्वाचा आहे. पुणे, सुरत किंवा आखाती देशात नोकरी करणारा मुलगा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवितो, ते आवश्यकच आहेत. पण पैशाने औषध येते, जवळीक येत नाही. ज्याला खरोखर येता येत नाही त्याने रोज चार शब्द बोलावेत, आणि ज्याला येता येते त्याने सणापुरते येऊ नये. वृद्ध आई-वडील लाभूनही ज्याला स्वर्ग मिळविता आला नाही, त्याच्या दुर्दैवाचा उल्लेख प्रेषितांनी (स.) किती कठोर शब्दांत केला आहे, हे हदीसच्या वाचकांना ठाऊक आहे (मुस्लिम).

पानमळ्यात काम करणाऱ्यांना ठाऊक असते की वेल आधाराच्या टोकाला पोहोचला की त्याला पाने कमी येतात. तेव्हा तो उपटून टाकीत नाहीत. हलक्या हातांनी तो खाली उतरवितात, त्याचा जुना भाग मातीत दाबतात आणि मग त्याला पुन्हा फूट येते. वेल स्वतःहून उतरू शकत नाही; त्यासाठी जाणते हात लागतात. घरातील वृद्धांसाठी असे हात कोणाचे असावेत?

व्यवहारात ते बहुधा सुनेचे असतात आणि याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आई-वडिलांच्या सेवेचा आदेश मुला-मुलींना आहे. सासू-सासऱ्यांची सेवा हा सुनेचा मोठा सद्‌गुण आहे आणि तिला त्याचे पुण्य आहे. परंतु धर्मशास्त्राचे बहुतेक जाणकार ती तिच्यावर लादलेले कायदेशीर कर्तव्य मानीत नाहीत. स्वतः ओट्यावर मित्रांबरोबर बसून पत्नीच्या हातून आपल्या आईचे अंथरूण बदलून घ्यायचे आणि सेवाभावी मुलगा म्हणून नाव मिरवायचे, ही पुण्याची उसनवारी आहे. मुलाने स्वतः आईचे पाय चेपावेत, वडिलांना स्नान घालावे, रात्री उठून पाणी द्यावे. लेकीनेही वर्षातून काही दिवस येऊन हा भार हलका करावा. सून जे करते त्याबद्दल तिचे आभार मानावेत; तिचा थकवा हाही त्या घराच्या आरोग्याचाच प्रश्न आहे.

समाजाचीही जबाबदारी आहे. दारोदार याचना करणारा एक वृद्ध, अंध यहुदी ह. उमर (रजि.) यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा त्यांनी त्याला घरी नेऊन मदत केली आणि सार्वजनिक कोषातून त्याला व त्याच्यासारख्यांना साहाय्य देण्याची आज्ञा केली. तारुण्यात ज्याच्याकडून कर घेतला त्याला म्हातारपणी टाकून देणे न्याय्य नाही, असे त्यांचे म्हणणे इमाम अबू यूसुफ यांनी नोंदविले आहे. आपल्या देशातही २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी कायदा झाला. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली. राज्यात निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. कागदपत्रांच्या अडचणीमुळे अनेक वृद्ध या हक्कांपासून दूर राहतात. मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलांनी जुम्याच्या नमाजनंतर तासभर बसून त्यांचे अर्ज भरून दिले, तर ती मोठी सेवा होईल. आणि त्या रांगेत कोणाचा धर्म कोणता हे विचारू नये.

वृद्धांचे स्वतःचे कर्तव्य

हक्क सांगितले तसे वृद्धांचे कर्तव्यही सांगितले पाहिजे, कारण वय वाढल्याने जबाबदारी संपत नाही, तिचे स्वरूप बदलते. ज्याला आपली उपजीविका विस्तारावी आणि आयुष्य वाढावे असे वाटते त्याने नातीगोती जोडून ठेवावीत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले (बुखारी). आयुष्य वाढते म्हणजे वर्षे वाढतात की बरकत वाढते, याविषयी विद्वानांनी चर्चा केली आहे. कोणताही अर्थ घेतला तरी मार्ग एकच राहतो. धुऱ्यावरून वीस वर्षे भावाशी न बोललेल्या वृद्धासाठी सर्वांत आधी घ्यायचे औषध म्हणजे भावाचे दार ठोठावणे.

तसेच मनावरचे ओझे हलके करावे. देणे-घेणे लिहून ठेवावे. मृत्युपत्र करण्याजोगे काही असेल तर ते लिहिल्याशिवाय दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, अशी शिकवण आहे. लेकींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन कुरआनने ठरविलेला त्यांचा वाटा बुडविला गेला असेल, तर तो परत मिळवून देण्याचे सामर्थ्य आज त्या घरातील वृद्ध बापाकडेच आहे. उद्या ते नसेल. हातात वर्षे उरली आहेत याचा अर्थच हा की दुरुस्तीची सवड उरली आहे. सूरह फातिरमध्ये (आयत ३७) परलोकात विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचा उल्लेख आहे : ज्याला बोध घ्यायचा होता त्याला बोध घेता येईल इतके आयुष्य आम्ही तुम्हाला दिले नव्हते काय? साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाजवळ या प्रश्नाला ‘वेळ मिळाला नाही’ असे उत्तर उरत नाही.

आणि शेवटी, सेवा स्वीकारणे हीदेखील एक साधना आहे. आयुष्यभर ज्याने घर चालविले त्याला दुसऱ्याच्या हातून पाणी पिणे जड जाते. मग तो चिडतो, टोमणे मारतो, प्रत्येक गोष्टीत आपला शब्द चालावा असा हट्ट धरतो. कारभार वेळीच पुढच्या पिढीच्या हाती सोपवावा, विचारले तर सल्ला द्यावा आणि केलेल्या सेवेबद्दल दुआ द्यावी. हाडे ठिसूळ झाली आणि डोके पांढरे झाले असतानाही ह. जकरिया (अ.) यांनी अल्लाहला हाक मारली, ती निराशेची नव्हती. आपल्यानंतर सत्याचा वारसा कोण चालवील, या काळजीची ती हाक होती. म्हातारपणीच्या दुआचा विषय आपण स्वतःपेक्षा आपल्यानंतरची माणसे असावीत, हे त्यांच्याकडून शिकता येते.

तेव्हा दीर्घायुष्य कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : चालता येते तोवर चांगुलपणाची वाट पाडण्यासाठी, आणि चालता येईनासे झाल्यावर, त्या वाटेचे पुण्य आपल्या नावावर लिहिले जात असताना, सेवेचे पुण्य इतरांना मिळू देण्यासाठी. पहिल्या काळासाठी देहाची काळजी घेणे हे वृद्धांचे कर्तव्य आहे, दुसऱ्या काळासाठी त्यांची काळजी घेणे हे आपले. अल्लाह आपल्या वडीलधाऱ्यांना आरोग्य देवो, त्यांच्या आयुष्यात बरकत देवो, निकृष्ट अवस्थेपासून त्यांना आपल्या आश्रयात ठेवो आणि त्यांच्या सेवेची संधी आपल्या हातून निसटू न देवो. आमीन.